अंगठा आणायचा कुठून?



मळणी यंत्रात ज्याचा पंजा गेला त्याला सरकार म्हणते, यंत्रावर अंगठा ठेव, मग तू शेतकरी आहेस हे मान्य करू! पीएम किसानच्या वर्षाला 6000 रुपयांसाठी ई-केवायसी सक्तीची आहे. तिच्या वाटा तीन: मोबाईलवरचा ओटीपी, केंद्रावर अंगठा, आणि 2023 पासून चेहऱ्याची ओळख. कागदावर तिन्ही सरळ. बीड जिल्ह्यात चालून पाहा.

दसरा-दिवाळी झाली की धारूर, वडवणी, पाटोद्याच्या वाड्या-तांड्यांवरचे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारे आणि अपंग. मोबाईल पोराच्या खिशात, पोरगा उसाच्या फडात. ओटीपी तिकडे वाजतो आणि आंधळा बाप इकडे सेतू केंद्राच्या पायरीवर बसून राहतो. अपंगाचा 'दिव्यांग' झाला, पण पायरी तेवढीच उंच राहिली. नाव बदलायला पैसे लागत नाहीत.

चेहऱ्याची कथा तर औरच. बँकेच्या ई-केवायसीत डोळे मिचकावून आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायचे! ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या एका बाईला ते जमेना, म्हणून 2023 मध्ये तिचे खाते अडले. ती सर्वोच्च न्यायालयात गेली. 30 एप्रिल 2025 ला न्यायालयाने सांगितले की डिजिटल सेवा मिळणे हा घटनेच्या 21 व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. अपंग हक्क कायदा 2016 चा. म्हणजे कायदा आहे, निकाल आहे. तालुक्यापर्यंत यायला त्यांना एसटी मिळत नसावी.

तंत्रज्ञान नाही, ही सबब कोणी सांगू नये. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या आंधळ्या तरुणाने 2006 मध्ये एनव्हीडीए सुरू केले. संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर ते मोठ्याने वाचते, मराठीही वाचते, आणि फुकट मिळते. पण साहेबांनी हुकूम टाईप करून, छापून, शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून टाकला की यंत्रापुढे अक्षर उरत नाही, नुसते चित्र उरते.

बोटे नसतील तर डोळ्यांच्या बुबुळावरून आधार काढता येते, हा आधारचाच नियम. मग बुबुळाचे यंत्र किती केंद्रांवर आहे? अंथरुणाला खिळलेल्याच्या घरी माणूस का जात नाही? वसुलीला तर दारापर्यंत येतात!

जिल्हा बैठकीला येताना गावाची यादी आणा. कोणाचा हप्ता कशामुळे अडला, अंगठा, डोळा की ओटीपी, ते नावापुढे लिहा. त्या याद्या घेऊन तहसीलवर जायचे आहे.