आजार सरला, विसर उरला

कर्करोगावरील उपचार पूर्ण झाले, की रुग्ण आणि कुटुंबीय सुटकेचा निःश्वास टाकतात. डोक्यावर पुन्हा केस येतात, कामावर रुजू होण्याची तारीख ठरते. मात्र, अनेकांची एक वेगळीच अडचण त्यानंतर जाणवू लागते. ओळखीचे नाव ऐन वेळी आठवत नाही, वाचलेला परिच्छेद पुन्हा वाचावा लागतो, एका वेळी दोन कामे हाताळता येत नाहीत. वैद्यकीय जगतात 'केमो ब्रेन' म्हणून परिचित असलेल्या या त्रासाची घरात मात्र 'मनावर घेऊ नका' एवढ्यावरच बोळवण होते.

हा मनाचा खेळ नव्हे. अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेला आणि २०१७मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याबाबत बोलका आहे. त्यात स्तनाच्या कर्करोगाने ग्रस्त ५८१ आणि कर्करोग नसलेल्या ३६४ महिलांची तुलना करण्यात आली. केमोथेरपी संपल्यानंतर सहा महिन्यांनीही पहिल्या गटातील ३६.५ टक्के महिलांनी बौद्धिक क्षमता घटल्याचे नोंदवले. दुसऱ्या गटात हे प्रमाण १३.६ टक्के होते.

दोष एकट्या केमोथेरपीचा नाही. हार्मोन उपचार, मेंदूवरील रेडिएशन, रक्तक्षय, निद्रानाश, थकवा आणि नैराश्य यांचाही त्यात वाटा असतो. काही रुग्णांत तर ही लक्षणे उपचारांपूर्वीच आढळतात. स्मृतिभ्रंश ओळखण्याच्या झटपट चाचण्यांत अशा सौम्य तक्रारी सहसा सापडत नाहीत. त्यामुळे 'रिपोर्ट नॉर्मल' असूनही रुग्ण चाचपडत राहतो.

यावर खात्रीशीर औषध नाही. पण उपाय आहेत. ऑस्ट्रेलियात २४२ रुग्णांच्या अभ्यासात घरच्या संगणकावरून १५ आठवड्यांचे प्रशिक्षण आजमावून पाहण्यात आले. २०१७मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, चाचण्यांतील गुणांत लक्षणीय फरक पडला नाही. मात्र रुग्णांना जाणवणारा त्रास कमी झाला. डायरीत नोंदी ठेवणे, एका वेळी एकच काम करणे, अवघड काम ताजेतवाने असताना उरकणे, नियमित चालणे आणि पुरेशी झोप यांचाही आधार मिळतो. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार व नैराश्य यांवर तर उपचार शक्य आहेत.

प्रश्न व्यवस्थेचा आहे. २०१८मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांवर आहे. बाह्यरुग्ण विभागातील समुपदेशन तिच्या कक्षेत येत नाही. फेरतपासणीत आजार उलटला का, हे पाहिले जाते. 'लक्ष लागते का, आठवते का', हेही तेथे विचारले गेले पाहिजे. त्यासाठी नवे यंत्र नको, दोन मिनिटे पुरेत. कचेऱ्यांनीही अशा कर्मचाऱ्याला पहिले काही महिने कमी तास आणि लेखी सूचना देण्याची तयारी दाखवायला हवी. अन्यथा जीव वाचलेला माणूस नोकरी आणि आत्मविश्वास दोन्ही गमावून बसेल. आणि त्याची नोंद कोणत्याही केसपेपरवर होणार नाही.