'विद्यार्थी कृती'चा रकाना

डी.एल.एड. किंवा बी.एड.च्या छात्राध्यापकानं पाठाचं टाचण चॅटजीपीटीकडून करून घ्यावं का, या प्रश्नावर दोन तट पडले आहेत. एक म्हणतो बंदी घाला, दुसरा म्हणतो सगळ्यांच्या हाती द्या. मला दोघांचंही पटत नाही, पण बंदीवाल्यांशी भांडण जुनं आहे, म्हणून आधी त्यांच्याकडे वळतो.

त्यांचं म्हणणं असं की टाचण म्हणजे छात्राध्यापकाची साधना. उद्दिष्टं ठरवायची, पूर्वज्ञान तपासणारे प्रश्न काढायचे, फलक लेखन आखायचं. यातूनच शिक्षक घडतो आणि यंत्रानं ते हिरावलं तर उरतं काय? प्रश्न रास्त वाटतो. पण ही साधना प्रत्यक्षात कुठे चालली होती? सराव पाठांचा हंगाम आला की आधीच्या तुकडीच्या टाचणवह्या हातोहात फिरतात. आयती टाचणं छापील मिळतात आणि व्हॉट्सॲपवर पीडीएफच्या रूपातही. जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्ट १८४१ साली वारला. त्याच्या शिष्यांनी बसवलेली पंचपदी आपण इतकी घोटली की पायऱ्या तेवढ्या राहिल्या आणि वर चढणारं मूल दिसेनासं झालं. पटत नसेल तर कोणतीही टाचणवही उघडून 'विद्यार्थी कृती' हा रकाना वाचा. 'विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकतील.' 'विद्यार्थी उत्तर देतील.' 'विद्यार्थी वहीत लिहून घेतील.' त्या रकान्यातलं एकही मूल कधी चुकत नाही, खिडकीबाहेर बघत नाही, गैरहजरही नसतं. यंत्र आज असाच रकाना लिहून देतं, कारण आपण तो असाच लिहीत आलो आहोत. ज्याचं टाचण आधीच उसनं होतं, त्याच्यावर बंदी घालून वाचणार काय?

आता दुसरा तट. त्यांच्याकडे आकडे आहेत आणि ते खोटे नाहीत. इंग्लंडमध्ये ६८ शाळांतल्या २५९ विज्ञान शिक्षकांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये आला. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांचा पाठनियोजनाचा वेळ ३१ टक्क्यांनी कमी भरला आणि पाठांचा दर्जा घसरल्याचंही तपासणाऱ्यांना दिसलं नाही. आपल्याकडे बेंगळुरू परिसरातल्या शाळांत मायक्रोसॉफ्ट रिसर्च आणि शिक्षणा फाउंडेशन यांनी २०२३ साली 'शिक्षा कोपायलट' आणला, तोही शिक्षकाचा तयारीचा वेळ वाचावा म्हणूनच. हे मान्य. मात्र ते शिक्षक नोकरीतले होते. यंत्रानं दिलेल्या पाठातला कोणता प्रश्न वर्गात आपटेल, हे वर्गात उभं राहून राहून त्यांना कळलेलं होतं. छात्राध्यापकाला तेच अजून शिकायचं आहे, आणि तो वेळ वाचवला की शिकणंच बुडतं. स्वयंपाक शिकायला आलेल्या मुलीला रोज डबा पोचवण्यासारखं हे आहे.

यंत्र पोचलं की व्यवहार बदलला, असं समजण्याची चूक ठाणे जिल्ह्याच्या मुरबाड तालुक्यातल्या धसईनं एकदा पाहिली आहे. १ डिसेंबर २०१६ रोजी तत्कालीन अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत हे गाव राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं. बँक ऑफ बडोदाच्या मदतीनं दुकानांत कार्डाची मशिनं आली, कॅमेरेही आले. पुढे गिऱ्हाईक पुन्हा नोटा काढू लागल्याच्या बातम्या आल्या.

त्याच परिसरातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत छात्राध्यापक सराव पाठाला उभा राहिला तर समोर ठाकूर, महादेव कोळी, कातकरी घरांतली मुलं असतात. यंत्राला नुसतं 'पिके, परिसर अभ्यास' एवढंच सांगितलं, तर शेतकरी बी पेरतो, पाणी घालतो, पीक डोलू लागतं, अशी सपाट गोष्ट मिळेल. समोरच्या मुलानं मात्र उन्हाळ्यात राब भाजलेला पाहिलेला असतो, आवणीच्या दिवसांत चिखलात रोपं लावलेली असतात. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मधल्या महिन्यांत त्या मुलाचा पाठ कुठे गेला, हे कोणत्याही टाचणात नसतं. भट्टीवर विटांचा आणि उचलीचा हिशेब कानावर पडलेलं मूल कागदावरच्या वजाबाकीला अडतं. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०२५ साली 'नेचर'मध्ये हेच दाखवलं: कोलकाता-दिल्लीच्या बाजारात काम करणारी मुलं गुंतागुंतीचे हिशेब तोंडी बिनचूक करतात, पण शाळेच्या मांडणीतलं गणित त्यांना जमत नाही.

तरीही मी यंत्राच्या बाजूनं बोलणार आहे. त्याला पाठ मागू नये, चुका मागाव्यात. छात्राध्यापकानं आधी स्वतःच्या हातानं अर्धं पान लिहावं. मग विचारावं: ५२ मधून २७ वजा करताना तिसरीची मुलं कुठे कुठे घसरतील? ३५ ही चूक यंत्र सांगेल, कारण मोठ्या अंकातून लहान अंक काढायची खोड जगभरच्या मुलांना आहे आणि तिच्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. आणखीही चार चुका सांगेल. एवढ्या चुका हातात घेऊन विशीतली पोरगी वर्गात शिरते, तेव्हा ती 'विद्यार्थी उत्तर देतील' असं लिहू शकत नाही. कोणत्या मुलानं काय उत्तर दिलं आणि का, याकडे तिचे कान लागतात. पाठ संपल्यावर तोच रकाना तिनं भूतकाळात पुन्हा लिहावा. यंत्राच्या यादीत नसलेली चूक तिथे सापडली, तर तीच तिची खरी कमाई, आणि गुणही त्या कमाईलाच असावेत. मुलांची नावं मात्र यंत्राला सांगू नयेत.

मुलाकडे असं कान देऊन पाठ आखणं काही परकं नाही. पालघर वेगळा होण्याआधीच्या याच ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग १९५७ पासून कोसबादला बालशिक्षणाचं काम केलं. गुरं राखणारी मुलं शाळेत येत नाहीत असं दिसल्यावर ताराबाईंनी कुरणशाळा काढली. मूल दिवसभर काय करतं, तिथून त्यांचं नियोजन सुरू होत असे.

मेथड मास्टर म्हणतील, एवढं तपासायला वेळ कुणाला? पाठांची संख्या कमी करा. घाईनं उरकलेल्या ढीगभर पाठांपेक्षा असे मोजके पाठ मी केव्हाही घेईन. शेवटचा आक्षेप असा की पोरं भूतकाळातला रकानाही यंत्राकडूनच लिहून घेतील. घेतील काही. म्हणून निरीक्षकानं मागे बसून मुलांची दोन-तीन चुकीची उत्तरं स्वतः टिपावीत आणि नंतर वहीत शोधावीत. सापडली नाहीत, तर पाठ पुन्हा.