समुद्र जवळ होता, सुट्टी लांब होती

२०२१ साली महाराष्ट्र सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. बिछाना, स्वयंपाकाचा ओटा आणि संडास-न्हाणी सोबत घेऊन फिरणारी गाडी म्हणजे कॅराव्हॅन. कल्पना चांगली आहे. पण गाडी मिळाली म्हणजे सुट्टी मिळाली असे होत नाही, एवढेच मला सांगायचे आहे.

आमच्याकडेही एक कॅराव्हॅन होती. तिला आम्ही चाचांचा ट्रक म्हणायचो. ट्रक मालकाचा, चाचा ड्रायव्हर. मे महिन्यात ते कोल्हापूरचा गूळ घेऊन रत्नागिरीला उतरत आणि आंब्याच्या पेट्या भरून परत येत. माल भरायला दोन दिवस लागत. तेवढ्या दोन दिवसांसाठी इचलकरंजीहून आमचे खटले निघायचे. गुळाच्या रव्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर सतरंजी, सतरंजीवर आम्ही सात पोरं. आंबा घाटात एकापाठोपाठ एक ओकायचो आणि साखरपा आले की अम्मी लिंबू वाटायची. गूळ उतरला की भाट्याच्या सुरूच्या बनाजवळ ट्रक लागायचा. चाची स्टोव्हवर बांगडे तळायची. रात्री रिकाम्या हौद्यात झोपायचो. गुळाचा वास आणि मुंग्या सोबतीला.

अशा चार सुट्ट्या मला आठवतात. त्यातल्या एकीतच अब्बा आहेत.

अब्बा मागावर होते. मजुरी मीटरवर. माग थांबला की मजुरी थांबली, दोन दिवसांचा खाडा म्हणजे आठवड्याच्या बाजाराला कात्री. नातेवाईक म्हणायचे, यांना हिंडायची हौसच नाही. ज्या वर्षी आले, त्या वर्षी लुंगी गुडघ्यापर्यंत खोचून ते तासभर पाण्यात उभे होते. मागांच्या खडखडाटात राहून त्यांना मोठ्याने बोलायची सवय लागली होती. घरी अम्मी म्हणायची, ‘जरा हळू बोला जी.’ लाटांपुढे त्यांना कुणी हळू बोला म्हटले नाही.

कॅराव्हॅनची सुट्टी ज्या ब्रिटनमध्ये घराघरात रुजली, तिथे आधी काय झाले ते पाहा. १९३८ साली तिथे पगारी सुट्टीचा कायदा झाला. १९३९ साली स्केगनेसच्या किनाऱ्यावर डर्बीशायरच्या खाणकामगारांसाठी सुट्टीची छावणी उभी राहिली. महायुद्धानंतर त्या किनाऱ्यांवर कॅराव्हॅनच्या रांगा लागल्या, आणि त्यांत गिरण्या-कारखान्यांतली कुटुंबे बापासकट राहू लागली. समुद्र आधीही तिथेच होता. कामगाराच्या हातात आठवडा आला, तेव्हा तो तिथे पोचला.

आपल्याकडे कायदा नव्हता असे नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस भरणाऱ्या कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. पण छोट्या शेडमध्ये, जिथे हजेरीपटावर नावच नसते, तिथे ही रजा पोचलीच नाही. मालकांचे उत्तर ठरलेले असे : काम मीटरवर, मग रजेचा पगार काढायचा कसा? याचेही उत्तर त्याच कायद्यात होते. रजेच्या आधीच्या महिन्यात प्रत्यक्ष काम केलेल्या दिवसांची कमाई घ्यावी आणि तिची रोजची सरासरी काढावी. मागवाल्याच्या वहीत रोजचे मीटर लिहिलेले असतातच. हिशेब पाचवीतल्या पोरालाही जमेल. तो करायचा नाही, हे आधीच ठरलेले असते.

म्हणून किनाऱ्यावर कॅराव्हॅन पार्क जरूर व्हावेत. पण पर्यटन म्हणजे फक्त ज्यांना सुट्टी आहे त्यांची सोय, असे धोरण अर्धेच राहते. मागवाले, हमाल, ड्रायव्हर यांना वर्षातून आठ दिवस भरपगारी मिळाले, तर गाडीची चिंता सरकारने करू नये. ट्रक, टेम्पो, लाल डबा, काहीही चालते. पोरांना समुद्र दाखवायला बाप सोबत असला पाहिजे, आणि त्या दोन दिवसांत त्याने मनात मीटर मोजत बसू नये.