गारठलेले पाय आणि साडेसातचा तास

चंद्रपूर-गडचिरोलीचे नाव काढले की बाहेरगावच्या माणसाच्या डोळ्यांपुढे उन्हाळा उभा राहतो. त्याचे तसे चुकत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४७ अंशांच्या पुढे जातो आणि चंद्रपूर, ब्रह्मपुरी ही नावे वर्तमानपत्रांत ठळक अक्षरांत येतात. पण उन्हाळ्याच्या या कीर्तीखाली आपला हिवाळा पार झाकून गेला आहे. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत पहाटेचा पारा कित्येकदा १० अंशांच्या खाली उतरतो. भोवती जंगल, जागोजागी मामा तलाव, धानाच्या ओल्या बांध्या. त्यामुळे ही थंडी कोरडी नसते. धुके आणि दव घेऊन ती येते, आणि सर्वांत आधी पायांत शिरते.

हा विषय वार्षिकांकासाठी फारच किरकोळ आहे, असे काहींना वाटेल. देशापुढे एवढे प्रश्न असताना ही मुलगी पायांच्या बोटांवर काय लिहीत बसली, असेही कोणी म्हणेल. त्यांना माझी एवढीच विनंती आहे की जानेवारीतल्या एखाद्या सकाळी त्यांनी आपल्या सायकलस्टँडजवळ पंधरा मिनिटे उभे राहावे. आठ-दहा किलोमीटरवरून आलेली मुले-मुली सायकल लावतात आणि वर्गाकडे न जाता आधी पाय आपटत उभी राहतात. कोणाच्या पायांत रबरी स्लीपर, कोणाच्या पायांत उघडे सँडल. काहींच्या पायांत बूट आहेत. पण मोजे दवाने चिंब. पहिल्या तासाला ही मंडळी बाकावर बसतात तेव्हा त्यांचे अर्धे लक्ष कवितेत असते आणि अर्धे बोटांत. मीही त्यांच्यातलीच एक आहे. म्हणून हा प्रश्न मला पुस्तकात वाचावा लागला नाही.

आपल्यापैकी कितीतरी मैत्रिणींच्या सायकली मानव विकास कार्यक्रमातून शाळेत असताना मिळालेल्या आहेत. बारावी संपली, पण सायकल सुटली नाही. ज्या गावाला सोयीच्या वेळी एस. टी. नाही, तिथल्या मुलीचे पदवीचे शिक्षण आजही दोन चाकांवरच उभे आहे. मोटारसायकल घरात असली तरी ती बहुधा भावाच्या वाट्याला जाते. सायकल मिळाली म्हणून मुलगी शिकली, हे खरेच आहे. पण ती पॅडल मारते पायांनी, आणि त्या पायांचा विचार कोणी केलेला नाही.

सायकलवर पायच का गारठतात, याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. सायकल चालवताना काम करतात त्या मांड्या आणि पोटऱ्या. बोटे बिचारी पॅडलवर नुसती टेकलेली असतात. चालताना प्रत्येक पावलाला ती वाकतात, दाबली जातात, रक्त खेळते. सायकलवर तसे होत नाही. त्यात समोरून वारा. ताशी १५ किलोमीटरने सायकल हाकली तर हवा स्तब्ध असली तरी तेवढा वारा आपणच तयार करतो. पारा ८ अंशांवर असेल तर अशा वाऱ्यात उघड्या कातडीला तो सुमारे साडेपाच अंशांसारखा लागतो. शिवाय शरीराचा स्वतःचा एक हिशेब असतो. थंडी वाढली की ते हृदय, फुप्फुसे, मेंदू यांची ऊब आधी सांभाळते आणि हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसून घेते. घरात अडचण आली की आई आधी स्वतःच्या ताटातले कमी करते, तसेच काहीसे. आणि पाय ओला असेल तर विचारायलाच नको. पाणी हवेपेक्षा वीस पटींहून अधिक वेगाने ऊब काढून नेते.

एवढे कळले की उपायही आपोआप सुचतात, आणि ते महागडे नाहीत. पहिला उपाय पायांचा नाहीच, डोक्याचा आहे. कानटोपी, मफलर आणि छातीवर स्वेटर असेल तर शरीराची काटकसर कमी होते आणि पायांकडे रक्त मोकळेपणाने जाते. दुसरी गोष्ट घोट्याची. तिथे रक्तवाहिन्या कातडीच्या अगदी लगत असतात. म्हणून मोजा घोट्याच्या वर यावा. सुती मोजा घाम आणि दव पिऊन बसतो. लोकरीचा मोजा ओला झाला तरी काही ऊब राखतो. पण दोन मोजे चढवून पाय घट्ट बुटात कोंबू नये. रक्त दाबले जाते आणि मोज्यांत अडकलेली हवाही उरत नाही. खरी ऊब त्या अडकलेल्या हवेचीच असते. बुटाच्या तळाशी जुन्या वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या घालाव्यात. मोज्यावरून प्लास्टिकची पिशवी घालून मग बूट चढवला तर वारा आणि दव दोन्ही अडतात. पिशवीच्या आत घाम साचतो, म्हणून पोचल्याबरोबर ती काढावी. लोखंडी पॅडलवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली तर धातूचा गारवा थेट तळव्याला लागत नाही. शेवटचे दोनशे पाऊल सायकल हातात धरून चालत यावे. बोटे वाकली की जाग येते. आणि एक गोष्ट करू नये: बधिर झालेला पाय एकदम शेकोटीत धरू नये. बधिर कातडीला चटका कळत नाही. शिवाय गार पडलेली बोटे एकदम तापवली की ती लाल होऊन सुजणे, त्यांना खाज सुटणे, हा त्रास वाढतो.

हे सर्व आपण विद्यार्थ्यांनी करायचे. पण माझा लेख इथे संपत नाही, कारण एवढ्यावर संपला तर सगळी जबाबदारी पुन्हा त्या मुलीच्याच डोक्यावर येते.

पहिल्या महायुद्धाची एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. १९१४ च्या हिवाळ्यात फ्रान्स-बेल्जियमच्या सीमेवर सैनिक चिखलपाण्याने भरलेल्या खंदकांत दिवसेंदिवस उभे होते. हजारो सैनिकांचे पाय गोळीवाचून निकामी झाले. तिथे बर्फाचीही गरज नव्हती. सतत ओले आणि गार राहणे पुरेसे होते. या रोगाला खंदकाचेच नाव पडले. पुढे इंग्रजांच्या सैन्यात नियम झाले: कोरडे मोजे बदलायचे, पायांना तेल चोळायचे, आणि सैनिकांचे पाय तपासण्याची जबाबदारी त्यांच्या अधिकाऱ्यांवर. मग हा रोग बराच आटोक्यात आला. आपली सकाळ म्हणजे खंदक नव्हे, हे मला कळते. इथे कोणाचा पाय कापावा लागत नाही. पण त्या गोष्टीतला मुद्दा लहान गोष्टीलाही लागू आहे. जोवर पाय हा एकट्या शिपायाचा खासगी प्रश्न होता तोवर तो सुटला नाही. वरच्याने तो आपला मानला तेव्हा सुटला.

आपल्याकडे वरच्यांनी काय करावे? उन्हाळ्यात काय होते ते पाहा. ऊन तापले की शाळा सकाळच्या होतात. रुग्णालयांत उष्माघाताचे कक्ष उघडतात. दुपारी बाहेर पडू नका, असे सर्वजण सांगतात. म्हणजे हवामान पाहून घड्याळ सरकवता येते, हे आपल्याला मान्य आहे. उत्तरेकडील राज्यांत कडाक्याच्या थंडीत शाळांच्या वेळा बदलतात. खुद्द महाराष्ट्र शासनाने २०२४ साली चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असे सांगितले. ते लहान मुलांच्या झोपेसाठी होते. पण घड्याळ माणसासाठी असते, ही त्यातली दृष्टी आपल्यालाही उपयोगी आहे.

आपला पहिला तास साडेसातचा. जानेवारीत आपल्याकडे सूर्य उगवायलाच पावणेसात वाजतात, आणि दिवसातली सर्वांत कडक थंडी असते ती सूर्योदयाच्या आगेमागे. नऊ-दहा किलोमीटरवरच्या मुलीला साडेसहाला निघावे लागते. म्हणजे चोवीस तासांतला सर्वांत गार तास निवडून आपण तिला रस्त्यावर पाठवतो. रस्ता जंगलातून असेल तर अंधाराची आणखी एक भीती असते. तिच्याविषयी आपल्या दोन जिल्ह्यांत कोणाला वेगळे सांगायला नको. गावातले लोक म्हणतात, "काहून वं पोरी, एवढ्या अंधारात निघतेस?" त्यावर तिच्यापाशी एकच उत्तर असते: हजेरी.

दुसरी बाजूही मला दिसते. सकाळचे महाविद्यालय अनेकांच्या सोयीचे आहे. दुपारी मोकळे झाले की कोणी मजुरीला जातो, कोणी दुकानात बसतो, कोणी घरच्या धानाच्या मळणीला हात लावतो. तास सरसकट दुपारी नेले तर त्यांचे शिक्षण तुटेल. म्हणून मी तशी मागणी करत नाही. माझी मागणी जेमतेम सात आठवड्यांपुरती आहे. १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी पहिला तास साडेसातऐवजी सव्वाआठला सुरू व्हावा आणि प्रत्येक तास थोडा आखडून सुटण्याची वेळ शक्यतो तीच ठेवावी. तेही जमत नसेल तर निदान पहिल्या तासाची हजेरी सुरुवातीला न घेता शेवटी घ्यावी. म्हणजे धुक्यात जीव तोडून सायकल हाणावी लागणार नाही. आणि एक खोली पाऊण तास आधी उघडावी, जिथे मोजे बदलता येतील, ओले बूट ठेवता येतील आणि दहा मिनिटे पाय पोटाशी घेऊन बसता येईल. यासाठी अनुदान लागत नाही. किल्ली लागते.

आमच्या प्राध्यापकांपैकी काहीजण सांगतात की त्यांच्या काळी ते अनवाणी चालत शाळेला जात. त्या कष्टांविषयी मला मनापासून आदर आहे. परंतु त्यांनी ते सोसले ते पुढच्यांनीही सोसावे म्हणून नव्हे, असे मी समजते. तसे असते तर त्यांनी आपल्या मुलांना बूट घेतलेच नसते. आणि अनवाणी चालणारे जे शिकले ते आज आपल्याला दिसतात. जे वाटेतूनच परतले ते कोणत्याही हजेरीपटावर नाहीत. सोसणे हा गुण असेल, पण त्याची परीक्षा घेण्याचे काम महाविद्यालयाचे नाही. आमची परीक्षा मराठीची, इतिहासाची, अर्थशास्त्राची घ्या. त्यात आम्ही कमी पडलो तर खुशाल नापास करा.

मित्रमैत्रिणींनो, पुढचा हिवाळा येईल तेव्हा आपल्यातले काही पदवीधर झालेले असतील. त्यांच्या जागी धुक्यातून सायकल हाकत नव्या मुली येतील. त्या वर्गात शिरतील तेव्हा त्यांचे पाय कोरडे असावेत आणि लक्ष फळ्याकडे असावे, एवढे तरी आपण त्यांच्यासाठी मागून ठेवू या.