पर्समधली सुरी

परवा लालबागच्या आमच्या महिला मंडळात एक कॉलेजची मुलगी आली. तिचा क्लास सुटायला रात्रीचे साडेनऊ होतात आणि गेले पंधरा दिवस एक पोरगा करी रोड स्टेशनपासून चाळीच्या तोंडापर्यंत तिच्या मागे येतोय. तिने पर्स उघडून कांदा चिरायची सुरी दाखवली. "काकू, ही जवळ ठेवली तर गुन्हा होतो का हो?" मी 'छे गं' म्हणणार होते. पण खरं सांगते, मलाच नक्की ठाऊक नव्हतं. शेवटी ओळखीच्या वकीलबाईंना गाठलं.

मैत्रिणींनो, हा प्रश्न नवा नाही. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या त्या प्रकरणानंतर, जानेवारी २०१३ मध्ये शिवसेनेने मुंबईत बायकांना स्वसंरक्षणासाठी तीन इंची पात्याचे चाकू वाटले होते. पुढच्याच वर्षी कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास बायकांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात! रात्री लोकलने येणारी कुठली मुलगी ते घेणार होती, देव जाणे.

बंदुकीचा कायदा साऱ्या देशाला एकच, १९५९ चा. परवाना मुंबईत पोलीस आयुक्त देतात. जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हाधिकारी. वय २१ पूर्ण हवं, कारण पटवून द्यावं लागतं, पोलीस चौकशी होते. परवाना मिळाला तरी २०१६ च्या नियमांप्रमाणे पिस्तूल बाहेर नेताना पूर्ण झाकलेलं असावं लागतं. ते परजत फिरायला बंदी आहे. निवडणूक आली की ठाण्यात जमा करायला लावतात. बरं, घरात ठेवलं तरी धास्ती आहेच. १ ऑक्टोबर २०२४ ला अभिनेता गोविंदा यांना स्वतःच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी पायात लागली.

आता सुरीचं. पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलं तर ते शस्त्रात मोडतं. घरकामाची नि शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. म्हणजे कांद्याची सुरी सुटली? नाही, मेख पुढे आहे. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ३७ व्या कलमाखाली सणासुदीला, निवडणुकीला, कुठे तणाव झाला की बंदीचे आदेश निघतात. त्या काळात सुरी, काठी, इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू घेऊन रस्त्यावर फिरायला मनाई करता येते. म्हणजे सोमवारी चालणारी सुरी गुरुवारी चालेलच असं नाही. आणि हे आदेश आपल्यापर्यंत पोचतात कुठे? ते साध्या मराठीत चाळीच्या फळ्यावर, गावात चावडीवर लागायला नकोत का?

हल्ला झालाच तर हाताला लागेल त्याने स्वतःला वाचवायचा हक्क मात्र कायद्याने दिलाय. बलात्कार किंवा ॲसिडचा हल्ला परतवताना समोरच्याचा जीव गेला, तरी तो हक्क शाबूत राहतो. पण तो पळून गेल्यावर मागे धावून वार केला, तर गुन्हा आपल्यावर.

हे सगळं मी त्या मुलीला समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "काकू, कायदा पुस्तकात असतो. साडेनऊला रस्त्यावर मी एकटीच असते." काय बोलणार? चाकू वाटणं सोपं असतं. त्या वेळी रस्त्यावर दिवा नि पोलीस असावा म्हणून पाठपुरावा करणं जिकिरीचं, आणि त्याचे फोटोही येत नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेलो. पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमाखाली स्वतंत्र गुन्हा आहे. तशी तक्रार लिहून दिली, पोचही घेतली. ११२ नंबर तिच्या मोबाइलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. सुरी तिच्या आईने परत स्वयंपाकघरात नेली. सध्या रोज रात्री आमच्यापैकी दोघी करी रोडला पुलाखाली उभ्या असतो. आज माझी पाळी आहे.