बोटाला पेटी, मनाला काय?

पिंपरी-चाकणची रात्रपाळी संपवून काळेवाडीचा गडी पहाटे दाराची कडी वाजवतो, पण अंथरुणावर डोळा लागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याने दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचाराची पेटी ठेवायला लावली, ५०० कामगारांवर कल्याण अधिकारी नेमायला लावला. बोट कापले तर पेटी आहे. झोप उडाली तर? साहेब म्हणतात, “आमचे दार सदैव उघडे!” उघडे खरे, पण दिवसा, आणि दारातच मुकादम बसलेला. व्याख्याने पुरेत. पाळीचा तक्ता महिनाभर आधी लावा आणि आयत्या वेळी फिरवू नका. मन बिघडले तर तापाइतक्याच मुकाट्याने रजा द्या. शिवाय २०२२ साली सरकारने सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा अहोरात्र चालणारा फुकट क्रमांक हजेरीच्या यंत्राशेजारी नव्हे, शौचालयाच्या दाराच्या आतल्या बाजूस चिकटवा. तेथे तो कोणी टिपून घेतला, हे मुकादमाला दिसत नाही.