नाव सापडले, पणजोबा नाही

'गॅझेट' हा शब्द गेल्या दोनतीन वर्षांत कनेरगाव नाक्याच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचला आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधायला सप्टेंबर 2023 मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, त्याच कामी हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेणारा शासन निर्णय 2 सप्टेंबर 2025 रोजी निघाला. ज्या घरांत पणजोबाचे नावसुद्धा धड कोणाला आठवत नव्हते, तिथे खासरा पाहणी, कोतवाल बुक आणि मोडी वाचणारा माणूस यांची चौकशी सुरू झाली. आरक्षणाच्या वादात इथे शिरायचे नाही. पण एवढे दप्तर धुंडाळून आपण पूर्वजांना विचारले काय, तर तुमची जात कोणती लिहिली आहे? तो माणूस काय पेरत होता, काय खात होता, कोणाचे देणे लागत होता, हे विचारायचे राहूनच गेले.

खरे तर असे प्रश्न पडायला कनेरगावच्या नावातला 'नाका'च पुरे आहे. हिंगोली-वाशीम रस्त्यावरचा हा नाका म्हणजे मराठवाडा आणि विदर्भ यांची वेस. 1853 साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला आणि एका मुलखाचे दोन कारभार झाले. अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. अलीकडे निजामाचा हाली रुपया, पलीकडे इंग्रजांचा कलदार. अलीकडचे दप्तर आधी फारसीत, मग उर्दूत. पलीकडच्या कचेरीत मराठी. निजामाचे करोडगिरी खाते सरहद्दीवर जकात घेई. सोयरिकींवर मात्र जकात नव्हती. त्या दोन्हीकडे होत राहिल्या. म्हणून आजही इथल्या एकाच घराचे वडिलांकडचे कागद एका राज्याचे आणि आजोळचे दुसऱ्या राज्याचे निघू शकतात.

या मुलखातल्या शेतकऱ्याला मोठा हिसका बसला तो हैदराबादहून किंवा कलकत्त्याहून नव्हे, अमेरिकेतून. एप्रिल 1861 मध्ये तिथे यादवी पेटली. तोवर इंग्लंडच्या गिरण्यांचा सुमारे तीन चतुर्थांश कापूस अमेरिकेच्या दक्षिण भागातून, गुलामांच्या घामावर पिकून येत होता. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली आणि लँकेशायरची नजर वऱ्हाडच्या काळ्या रानावर पडली. भाव कडाडले, ज्वारीच्या रानात पऱ्हाटी उभी राहिली. 1865 मध्ये युद्ध संपले आणि भाव कोसळले. मुंबईचे शेअरवाले त्यात बुडाले, ती गोष्ट अनेकदा लिहिली गेली. सावकाराचे देणे, रोख भरायचा सारा आणि कणगीत घटलेली ज्वारी घेऊन बसलेल्या कास्तकाराची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगितली नाही. भाव उतरले तरी कापूस हटला नाही. 1870 साली खामगावच्या रेल्वेफाट्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. रूळ टाकले होते ते कापूस बाहेर न्यायला. पुढे 1896-97 आणि 1899-1900 या दोन्ही दुष्काळांत याच पांढऱ्या सोन्याच्या मुलखात माणसे अन्नावाचून मेली.

हे सारे वाचायचे कुठे? हार्वर्डचे प्राध्यापक स्वेन बेकर्ट यांच्या 'एम्पायर ऑफ कॉटन' (2014) या ग्रंथात खामगाव आहे. अमेरिकेच्या इतिहासावरील लेखनासाठी दिले जाणारे बॅनक्रॉफ्ट पारितोषिक या ग्रंथाला 2015 साली मिळाले. वऱ्हाडात अधिक खोल उतरणारा अभ्यास लक्ष्मण सत्या यांचा, 'कॉटन अँड फॅमिन इन बेरार' (1997). दोन्ही इंग्रजीत. आपल्या पणजोबाची हकिगत अमेरिकेच्या इतिहासाच्या कपाटात, त्याच्या पणतवंडांना न वाचता येणाऱ्या भाषेत पडून आहे.

मराठीचे कपाट रिकामे नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 सालीच 'गावगाडा' लिहून पाटील-कुळकर्ण्यांपासून बलुते-अलुत्यांपर्यंत अख्खे गाव उभे केले. पण ते गाव इंग्रजी अमलातले. अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामाचा आणि मराठवाड्याचा इतिहास लिहिला. पण त्याचा विषय लढा. नाक्याच्या दोन्ही अंगांना त्या काळी पेरणारा, वेचणारा, गहाण टाकणारा माणूस या दोहोंच्या मधल्या जागेत उभा आहे.

नाक्याच्या एका बाजूला नांदेडचे विद्यापीठ आहे, दुसऱ्या बाजूला अमरावतीचे. दोघांनी मिळून या दोन इंग्रजी ग्रंथांचे मराठी अनुवाद करवून घ्यावेत आणि ते सीमेवरच्या गावोगावच्या वाचनालयांत पोचवावेत. एवढा खर्च दोघांनाही जड नाही.

तोवर वाचकांनी एक करावे. मोठ्या खटपटीने मिळवलेली नक्कल पुन्हा बाहेर काढावी. पाहणीत नावाशेजारी पिकाचा रकाना असतो. कोतवाल बुकात जातीबरोबर मृत्यूच्या कारणाचाही रकाना असतो. तोही वाचावा.